पाहुण्याला ओ देऊ नये

काका दलदलीतून लव्हाळा कापून आणायचे आणि मावशी त्याच्या चटया विणायची. अंधार पडला की त्या दलदलीवर निळसर दिवे हलायचे. त्यांना चकवा म्हणायची आम्हाला बंदी. नाव घेतलं की जवळ येतो म्हणे. मावशी म्हणायची 'पाहुणा'. एकदा खरेखुरे पाहुणे आले, तर मी त्यांच्या तोंडावर दार लावलं. बोलणी खाल्ली ती मीच.

दुसरा नियम असा, की पाहुणा घरच्या माणसाच्या आवाजात हाक मारतो, म्हणून दलदलीत कुणालाही ओ द्यायची नाही. काका आधी हसायचे. मावशीने तीस वर्षं डोकं खाऊन तेही त्यांच्या गळी उतरवलं.

त्या दिवशी दिवेलागण होऊन गेली तरी काका आले नाहीत. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, दलदल चढत होती. बांधावरून पाहिलं तर समोर दोन दिवे. मी म्हटलं, यातला एक काकांच्या बॅटरीचा, चल लवकर. मावशीने माझा दंड असा धरला की बोटं उमटली. चुकीच्या दिव्यामागे गेलो तर तिघंही जाऊ, म्हणाली. मग हाका मारत सुटली. घसा बसला, पण उत्तर नाही.

एकाएकी ती मटकन खाली बसली.

"मीच शिकवलं गं त्यांना," ती म्हणाली. "ओ देणार नाहीत ते."

भीतीने माझं डोकं फिरलं होतं. तूच घातलास हा घोळ, आता तूच निस्तर, असं मी तिला तोडून बोलले. ती उठली, पदर खोचला आणि उरलासुरला आवाज लावून ओरडली, "अहो, खोकल्याच्या गोळ्या उशीच्या अभ्र्यात लपवता, मला कळत नाही वाटतं?"

मग ओ आली. दोन्ही दिव्यांपासून लांब, डावीकडच्या मिट्ट काळोखातून.

बांधावर रचलेल्या लव्हाळ्याच्या मोळ्या चिखलात टाकत, त्यांवर पाय देत आम्ही पोचलो. काका छातीपर्यंत रुतले होते. बॅटरी केव्हाच बुडाली होती. सगळ्या हाका ऐकल्या, म्हणाले, पण तोंड दाबून गप्प राहिलो. गोळ्यांचं पाहुण्याला कुठून कळणार?

आता काका दलदलीत जात नाहीत. तरी रोज संध्याकाळी मावशी विणता विणता विचारते, "गोळी घेतली का?" ते समोरच बसलेले असतात. ओ येईपर्यंत तिचा हात पुढे सरकत नाही.