थंड इंजिनाची पारख

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत कुणाला जुना टेम्पो घ्यायचा असला, की तो आधी फारूक मुलाणींना गाठतो. फारूकभाई स्वतः टेम्पोवाले. भोरचा तांदूळ पुण्याच्या मार्केट यार्डात पोचवायचा आणि येताना किराणा भरून आणायचा, हा त्यांचा धंदा. पण नाव झालं ते पारखीमुळं. गाडी बघायला ते सांगितलेल्या वेळी कधीच जात नाहीत. भल्या सकाळी, विकणारा तोंडात ब्रश घालून अंगणात उभा असताना, न सांगता हजर. कारण गिऱ्हाईक यायच्या आधी विकणारा इंजिन गरम करून ठेवतो आणि गरम इंजिन सगळी दुखणी लपवतं. म्हणून बॉनेटवर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करायची, खाली वाकून कुठं गळतंय का बघायचं, मग "मारा स्टार्टर" म्हणायचं आणि डोळे मिटून ऐकायचं. त्या वेळी शेजारी कुणी शिंकलं तर त्याची खैर नसते.

त्यांची ही विद्या एकदाच वाया गेली, वेल्ह्याच्या गेनू शिळीमकरांपुढं. गेनूंना आपला टेम्पो विकायचा होता आणि गिऱ्हाईक आणायचं काम फारूकभाईंकडं होतं. पण येईल त्या गिऱ्हाइकात गेनू खोट काढत. एकाचा गिअरवर हात जड, दुसरा पान खाऊन खिडकीतून थुंकणारा. तिसऱ्यात काहीच सापडेना, तर त्याच्या चपलाच आवडल्या नाहीत. शेवटी बायकोनं दम भरला तेव्हा पानशेतच्या एका हॉटेलवाल्याला टेम्पो दिला. दिला म्हणजे काय, तर "चढाला मायेनं घ्या. गाडी दम धरती, पर सोडत न्हाई," असं सांगत स्वतःच शेजारच्या सीटवर बसून पाबे घाटापर्यंत गेले आणि डोळे पुसत परत आले. फारूकभाई हसून हसून बेजार. "लोखंडापायी रडतंय हे मानूस!" असं त्यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा शाळेच्या युनिफॉर्ममध्ये बसलेली त्यांची एकुलती एक लेक गुलफशाही पोट धरून हसली होती.

ती गुलफशा आता कॉम्प्युटरची पदवीधर झाली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला घ्यायचं कबूलही केलं, पण अट घातली. दिवाळीच्या आत नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा पास होऊन यायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. नेटवर्किंग म्हणजे शंभर कॉम्प्युटर एकमेकांशी नीट बोलते ठेवायचे, असं तिनं आपल्या अम्मीला, म्हणजे शमीमला समजावून सांगितलं.

"मंग ते आधी या घरात कर," शमीम म्हणाली.

भोरात टायपिंग आणि टॅली शिकवणारे क्लास होते, हे शिकवणारा एकही नव्हता. म्हणजे क्लास पुण्याचा. तिथले वर्ग सुटायचे उशिरा, म्हणजे होस्टेलवर राहणं आलं.

"क्लास म्या बघनार," फारूकभाईंनी जाहीर केलं. "तू मशीन शिकलीस, पर इकनारा मानूस कसा असतो ते तुला न्हाई म्हाईत."

गुलफशाची चौकशी वेगळी होती. शिकवणाऱ्यानं स्वतः ती परीक्षा दिलीय का, सरावाला खरी यंत्रं आहेत की नुसती पडद्यावरची चित्रं, आधीच्या मुलांशी बोलू देतात का, एवढंच तिला हवं होतं. फारूकभाईंच्या मते हे प्रश्न म्हणजे गरम इंजिनाला विचारल्यासारखे, उत्तरं आधीच तयार.

पहिल्या क्लासला बापलेक तांदूळ उतरवून भल्या सकाळी थडकले. मावशी फरशी पुसत होत्या. फारूकभाईंनी एकेका कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला, थंड असल्याची खात्री केली आणि म्हणाले, "मारा स्टार्टर." मावशी घाबरून आत पळाल्या आणि डोळे चोळणाऱ्या सरांना घेऊन आल्या. सरांनी बटण दाबलं. पडद्यावर एक चक्र गरगरत राहिलं, ते थांबेचना.

"अपडेट चालू आहे," सर म्हणाले.

"थंडीत स्टार्टर घेत न्हाई म्हना की," असं म्हणून फारूकभाई जिना उतरले.

दुसरा क्लास चकाचक. भिंतींना ताज्या रंगाचा वास, दारात फुगे. "नवा रंग कवा मारत्यात? पत्रा सडल्यावर," फारूकभाई लेकीच्या कानात म्हणाले. इथं गुलफशाही त्यांच्याच बाजूनं होती, कारण शिकवणाऱ्या सरांनी ती परीक्षा स्वतः कधी दिलीच नव्हती.

तिसरा क्लास स्वारगेटजवळ, इंद्रजित सरांचा. खोली जुनी, पण कपाटात खरी यंत्रं, वायरींच्या जुड्यांसकट. सर म्हणाले, "मी पहिल्या खेपेला नापास झालो होतो. माझ्याकडची सगळी मुलं काही पास होत नाहीत. रोज सराव करतात ती होतात." आधीच्या बॅचची एक मुलगी आली होती, तिच्याशी त्यांनी गुलफशाला मोकळेपणानं बोलू दिलं. गुलफशाचा चेहरा उजळला. फारूकभाईंनी डबे चाचपले. थंड. चालू करायला लावले. पहिल्या झटक्यात लागले. खोट काही सापडेना, तसा त्यांना घाम फुटला. शेवटी ते खिडकीपाशी गेले, आणि एसीच्या नळीतून फरशीवर पडणारा थेंब त्यांना दिसला.

"गळतंय!" ते म्हणाले. त्यांना एवढा आनंद कशाचा झाला, ते सरांना कळलं नाही.

येताना गुलफशा टेम्पोत गप्प बसून होती. खेड शिवापूर मागं पडलं, कापूरहोळचं वळण आलं, तरी शब्द नाही. इंद्रजित सरांची बॅच सोमवारी सुरू होणार होती. ती चुकली की दिवाळी चुकली, आणि दिवाळी चुकली की नोकरी. हे दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी शमीम भाकरी थापत होती. गुलफशानं मोबाईल अब्बांपुढं धरला. "ही जाहिरात बघा. घरबसल्या क्लास. कुठं जायला नको, परीक्षाबी नको. सर्टिफिकेट पोस्टानं घरी येतंय."

फारूकभाईंनी मोबाईल हातातसुद्धा घेतला नाही. "झ्याक! हाच घेऊ. लई भारी क्लास हाय."

"बॉनेट उघडून बघायचं न्हाई?"

"त्यात काय बघायचंय?"

"मालक कोन, आत इंजिन हाय का नुसता सांगाडा, काय इचारायचं न्हाई? परीक्षा न घेता सर्टिफिकेट देनारा तुमच्याकडं पास, आन् खरं बोलनारे सर एका थेंबापायी नापास?" तिचा आवाज चिरकला. "अब्बा, खोट क्लासात न्हाई. तुमचं गेनूमामांवानी झालंय. तुमाला मला जाऊच द्यायचं न्हाई."

फारूकभाई तव्याकडं बघत राहिले. भाकरी करपायला लागली, तरी त्यांना वास आला नाही.

"सकाळी टेम्पो काढला की 'अब्बा, डबा ऱ्हायला' म्हनून तूच वरडत येतीस," ते हळूच म्हणाले. "तू गेल्यावर कोन वरडनार?"

"म्या काय मुकी हाय?" शमीम म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत भाकरी उलटायला धावली.

सोमवारी फारूकभाईंनी गुलफशाला बॅग, गादी, लोणच्याची बरणी आणि नव्या बादलीसकट पुण्याला नेलं. होस्टेल अजून उघडायचं होतं, म्हणून सामान टेम्पोतच राहिलं. वर्गाच्या दारात त्यांनी इंद्रजित सरांना बाजूला घेतलं.

"सर, हिला चहा झाल्याबिगर बोलायला लावू नका. रागावली की आवाज करत न्हाई, गपगार होती. तवा समजायचं, आत कायतरी बिघडलंय. बाकी काळजी नको. चढाला दम धरती, पर सोडत न्हाई."

"अब्बा!" गुलफशा लाजेनं लाल झाली. "मी काय टेम्पो हाय? गेनूमामा निदान घाटातनं तरी परत फिरले. तुमी आता निघा."

"निघतो की," म्हणत फारूकभाई आत शिरले आणि शेवटच्या बाकावर बसले. गुडघे बाकात मावेनात, तरी बसले. सर त्यांच्याकडं बघून हसले आणि त्यांनी शिकवायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं सरांनी विचारलं, "दोन कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत. आधी काय बघाल?"

पोरं वह्या चाळायला लागली. मग गुलफशा उठली. फारूकभाईंनी डोळे मिटले.

"आधी वायर... म्हणजे, दोन्हीकडं वायर नीट बसलीय का ते..." सुरुवातीला ती अडखळली. मग आवाज लागला आणि एकसारखा चालू राहिला. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. फारूकभाई कान देऊन ऐकत होते. कुठं खडखड नव्हती.

चपला हातात घेऊन ते हळूच उठले. खाली जाऊन टेम्पोतली नवी बादली घेऊन आले आणि एसीच्या नळीखाली ठेवली. पहिला थेंब बादलीत टपकन वाजला. पोरांनी वळून पाहिलं. गुलफशानं पाहिलं नाही, तिचं उत्तर अजून चालूच होतं.