पागोळ्यांचा दावा

माझी आत्या पोलीस ठाण्याची पायरी पहिल्यांदा चढली ती वयाच्या बासष्टाव्या वर्षी, भिजलेल्या कुरड्यांचं ताट हातात घेऊन. ताट पुरावा म्हणून होतं.

हिंगणीत तिच्या घराला लागूनच शेजाऱ्यांचं घर आहे. पुलगावची नोकरी संपवून ते गावी आले आणि त्यांनी घरावर नवे पत्रे टाकले. उतार नेमका आत्याच्या अंगणाकडे ठेवला. उन्हाळ्यात एका दुपारी अवकाळी सर आली आणि पत्र्यांवरचं सगळं पाणी तिच्या वाळवणावर कोसळलं. आत्या भांडायला गेली तर ते म्हणाले, "वयनी, पाणी उताराकडंच जाईन ना. मी काय करू?"

म्हणून ती ठाण्यात. मी सोबत होते. मी तेव्हा वर्ध्याला कायद्याच्या पहिल्या वर्षाला होते, आणि पहिल्या वर्षाला असताना माणसाला जेवढा कायदा येतो तेवढा पुढं कधीच येत नाही.

जमादारांनी ताट पाहिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मावशी, हे दिवाणी हाये."

आत्या ताडकन उठली. "दिवानी? मी दिवानी दिसून राह्यली काय तुले?"

मी घाईनं मध्ये पडले. तिला समजावलं की चोरी, मारामारी, फसवणूक झाली तर ती फौजदारी. तिथं सरकार खटला चालवतं आणि गुन्हा शाबीत झाला की शिक्षा होते. भिंत, पाणी, वाटणी असा दोघांमधला हक्काचा प्रश्न असला की तो दिवाणी. तिथं आपणच कोर्टात जायचं, आणि कोणी काय करायचं, काय नाही ते कोर्ट ठरवतं.

"म्हणजे त्याले आत नाई टाकत?"

"नाही."

"एक दिवस बी नाई?"

"नाही, आत्या."

घरी पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. कायदा जणू मीच केला होता.

सेलूच्या एका वकिलांनी दावा तयार केला. शेजाऱ्यांनी पत्र्याचं पाणी अंगणात सोडू नये, असा मनाई हुकूम मिळावा, एवढीच मागणी. कागद वाचताना आत्या पहिल्याच ओळीला अडली. "वाद त्यानं घातला, अन् वादी मी?"

"दावा लावते ती वादी," वकील म्हणाले. "ज्याच्यावर लावला तो प्रतिवादी."

"त्याचं नाव माह्यापेक्षा भारी हाये," ती कुरकुरली, पण सही ठसठशीत केली.

पहिल्या तारखेला शिपायानं दारात उभं राहून पुकारा केला: आत्याचं नाव, आतोबांचं नाव, आडनाव. आतोबा जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मला वाटलं, ती आता लगबगीनं आत जाईल. ती जागच्या जागी उभी होती. "किती दिसानं कोणी त्यायचं नाव असं ठणकावून घेतलं," ती हळूच म्हणाली. शिपायाला दुसऱ्यांदा पुकारावं लागलं. तिनं मुद्दामच उशीर केला असावा, असा माझा अजूनही संशय आहे.

त्यानंतर नुसत्या तारखा. कधी शेजाऱ्यांच्या वकिलांना लेखी कैफियत द्यायला मुदत हवी, कधी न्यायाधीश रजेवर. दर तारखेला आत्या तीच नवी पिवळी साडी नेसून यायची, कारण साक्ष कोणत्या दिवशी होईल ते सांगता येत नव्हतं. साक्ष झाली की समोरचा वकील उलटतपास घेतो, हे मी तिला सांगून बसले होते. त्या शब्दानं तिला वेडच लावलं. दर रविवारी भाजी निवडताना मी समोरचा वकील व्हायचं.

"तुम्ही पत्रे मोजले का?"

"मोजले. बारा. तू मोजले काय?"

"साक्षीदारानं वकिलाला प्रश्न विचारायचा नसतो, आत्या."

"काऊन? तोंड त्याले एकट्यालेच हाये काय?"

माझ्या उलटतपासात ती एकदाही डगमगली नाही. मी मात्र दोनदा रडकुंडीला आले.

आणि मग, साक्षीची तारीख पंधरा दिवसांवर असताना, शेजारी कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन म्हणाले, "वयनी, पत्र्याले पन्हाळ लावून देतो, पाणी गल्लीत काढतो. लोकअदालतीत मिटवून टाकू."

वकील खूश, मी खूश. आत्याचा चेहरा उतरला. "अन् माही साक्ष?"

लोकअदालतीच्या दिवशी टेबलापलीकडे एक तरुण न्यायाधीश बाई बसल्या होत्या. त्यांनी तडजोडीचा कागद वाचून विचारलं, "आई, हे तुम्ही स्वखुशीनं करताय ना?"

उत्तर 'हो' एवढंच होतं. आत्यानं पदर सावरला, हात जोडले आणि गहू भिजत घातल्या दिवसापासून सुरुवात केली. गहू तीन दिवस कसे भिजवले, चीक कसा काढला, सर कोणत्या बाजूनं आली. वकिलांनी घड्याळ पाहिलं. मागं माणसं खोळंबली होती. बाईंनी मात्र पेन खाली ठेवलं. "बारा पत्र्याचं पाणी, मॅडम!" आत्या म्हणाली तसं शेजाऱ्यांना राहवलं नाही.

"बारा नाई वयनी, चौदा हाये."

"लिहून घ्या मॅडम! कबूल केलं त्यानं!"

बाई हसू आवरत म्हणाल्या, "आई, इथल्या निवाड्यावर अपील करता येत नाही, बरं का."

"मले करायचंच नाई," आत्या म्हणाली. "माहं बोलून झालं."

मला तिच्यासाठी निकाल हवा होता. तिला कोणीतरी मध्ये न टोकता ऐकून घ्यायला हवं होतं, हे माझ्या पुस्तकात कुठंच नव्हतं.

आठ दिवसांत पन्हाळ लागली. आत्याचा कोरड्या पन्हाळीवर विश्वास बसेना, म्हणून शेजारी दोन बादल्या पाणी घेऊन शिडीवर चढले. शिडी मी धरली होती. पाणी पत्र्यावरून पन्हाळीत आलं, पन्हाळीतून गल्लीत गेलं. एका सांध्यातून तेवढे चार थेंब अंगणात पडले. आत्यानं त्या थेंबांकडे नुसतं बोट दाखवलं. ते मुकाट्यानं खाली उतरले आणि डांबर आणायला गेले, आणि आत्यानं आत जाऊन तिघांचा चहा ठेवला.