साक्ष माझी, शब्द पाद्र्यांचे

२०११ साली आयर्लंडमधल्या कॉर्कच्या औषध कंपनीत नोकरी लागली आणि तिसऱ्याच रविवारी मला चर्च सापडलं. शाळेच्या हॉलमध्ये भरणारं, गिटार-ड्रमवालं, झाडून सगळं गोरं. मी हरखून गेले. दीड वर्षात एक रविवार चुकवला नाही, चहाला चकल्यासुद्धा नेल्या. त्या परक्या गावात नवरा सोडला तर तेवढीच माझी माणसं होती, म्हणून मला तिथली मेंबर व्हायचंच होतं.

मेंबर व्हायचं तर सगळ्यांसमोर साक्ष द्यायची, प्रभू कसा भेटला ते सांगायचं. मी दोन पानं लिहून पाद्रीसाहेबांना दाखवायला दिली. परत आली तेव्हा माझे नगरचे पणजोबा आणि त्यांचा बाप्तिस्मा, दोन्हींवर काट! त्या जागी लिहिलेलं, मी मूर्तींच्या अंधारात वाढले आणि मला उजेड दिसला तो इथे. "लोकांना हे जास्त भिडेल," पाद्री गोड हसून म्हणाले. वर, "त्या दिवशी ते काळे मणी नकोत. ते तुमच्या जुन्या देवांचे ना?"

अहो, दोन वाट्यांच्या मधोमध सोन्याचा क्रूस लटकतोय. लग्नात आमच्या नगरच्या पाद्र्यांनी प्रार्थना करून दिलेलं मंगळसूत्र ते. दीड वर्षात या माणसाने एकदा नीट बघितलंही नव्हतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

घरी नवरा म्हणाला, "काढ की दहा मिनिटं. तुलाच हौस आहे ना मेंबर व्हायची?" आरशासमोर काढून पाहिलं. मला रडूच आलं. परत घातलं.

रविवारी माइकसमोर उभी राहिले तेव्हा भीती नव्हे, मजा वाटत होती मला! कागद घडी करून पर्समध्ये टाकला. पणजोबांपासून सुरुवात केली, ते ख्रिस्ती झाले म्हणून भावकीने पाणी तोडलं इथपासून. मग क्रूस पुढे धरून दाखवला. शेवटी प्रभूची प्रार्थना मराठीत म्हटली, मोठ्याने, आमेनसकट.

टाळ्या पडल्या नाहीत. पाद्री म्हणाले, "तुम्हाला विश्वासात अजून वाढावं लागेल. मेंबरशिपचं पुढच्या वर्षी बघू."

मी कोट उचलला आणि तडक बाहेर आले. नवरा गाडीत बसला होता.

"झालीस का मेंबर?"

"चार पिढ्यांपासून आहे," म्हटलं. "गाडी काढ."