वारा तेवढा काढ

बुरुलच्या दुकानात, म्हणजे जुन्या लोखंडी कंटेनरमध्ये, पाऊल टाकलं की कानात कापूस घातल्यासारखं होतं. बाहेर आमच्या गुलचा गावचा बुधवारचा बाजार असतो. मेंढ्या ओरडत असतात, गाड्यांचे भोंगे चालू असतात आणि दुपार झाली की खिंडीतून तो मेला वारा उतरतो. आत मात्र भिंतींना, छताला, दाराच्या आतल्या बाजूला, सगळीकडे जुने नमदे, दाबलेल्या लोकरीचे जाड गालिचे, ठोकलेले. एक कॉम्प्युटर, एक माइक, दोन खुर्च्या आणि एक शेगडी, एवढाच तिचा संसार.

माझा कंटेनर तिच्या शेजारचा. मी कुरुत विकते, म्हणजे वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे, आणि थंडीत लोकरीचे मोजे. नऊ वर्षं आमची भिंतीला भिंत लागलेली आहे. तिला विचारलंत तर ती सांगेल की तोक्तोकान एजे, म्हणजे तोक्तोकानताई, महाचिक्कू आहे. आहेच मी. फुकट दिलेल्या मालाला चव नसते असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

आमची निम्मी पोरं रशियात. कुणी विटा रचतं, कुणी गोदामात ओझी उचलतं. त्यांच्या आया बुधवारी बाजाराला येतात आणि बुरुलकडे बसून पोरांसाठी निरोप बोलतात. घरी फोनवर बोलता येत नाही असं नाही, पण घरी सुना कान लावून असतात, कोंबड्या मध्येमध्ये बोलतात. शिवाय बुरुल निरोप साफ करून देते. वारा काढते, कुत्री काढते, "हा म्हातारा घोरतोय बघ" असलं काही तोंडून निसटलं असेल तर तेही काढते. सगळ्यात जास्त काढते ते रडणं. प्रत्येक बाई उठताना हेच सांगते, "पोरी, शेवटी जरा आवाज भरून आला, तेवढा काढ हं."

पूर्वी ती आमच्या जिल्ह्याच्या रेडिओवर होती. तिथे ती ब्लेडने टेप कापायला शिकली. केंद्र बंद पडल्यावर हा कंटेनर घेतला. रोज सकाळी दार लावून ती एक मिनिट काहीच न बोलता रेकॉर्ड करते. पहिल्यांदा मी ते पाहिलं तेव्हा विचारलं, "डोकं ठिकाणावर आहे ना गं?"

"एजे, आवाज कापला की भोक पडतं," ती म्हणाली. "भोकाला ठिगळ लागतं. ते त्याच कापडाचं हवं, नाहीतर डोळ्यात येतं. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते."

मी म्हटलं, असेल बाई. माझ्या कंटेनरच्या शांततेला कुरुताचा वास येतो, एवढं मला कळतं.

कुलीपा आपा वरच्या गावातून पहिल्या बसने यायची. आईला आणि आईच्या वयाच्या बाईला आम्ही आपाच म्हणतो. वय एकाहत्तर, अंगावर मूठभर मांस नाही, पण जीभ कात्रीसारखी. तिचा एकुलता एक मुलगा ओमुरझाक रशियात येकातेरिनबर्गला गिलाव्याचं काम करायचा. बर्फ वितळायच्या सुमारास तिला खोकला लागला आणि गेलाच नाही. एप्रिलमध्ये तिने पिशवीतून नान काढून बुरुलसमोर ठेवला.

"हात ठेव यावर. माझा खोकला त्याच्या कानावर जाऊ देणार नाहीस."

"आपा, यासाठी नान कशाला? मी काढतेच ना."

"ठेव म्हणते ना."

बुरुलने हात ठेवला. नानवरची शपथ आमच्याकडे कुणी मोडत नाही. मोडणाऱ्याला नान मारतो म्हणतात, आणि मारलेली माणसं मी पाहिली आहेत.

बुरुल दर बुधवारी खोकला काढायची. पडद्यावर तो दिसतो म्हणे, काटेरी झुडपासारखा. मेमध्ये तिने मला दाखवला, तेव्हा झुडपं मोजकी होती. ऑगस्टपर्यंत रान माजलं. म्हातारी नऊ मिनिटं बोलायची आणि साफ करून उरायची तीन. ओश शहरातल्या डॉक्टरने बजावलं होतं की थंडीच्या आत इथे येऊन पडा, इलाज होण्यासारखा आहे, उशीर केलात तर मी काही करू शकणार नाही. म्हातारी जायला तयार नव्हती.

"मी दवाखान्यात गेले की कुणीतरी भोचक त्याला कळवणार," ती चहा पिताना मला म्हणाली. भोचक म्हणताना तिने माझ्याकडेच पाहिलं. "तो काम टाकून धावत येणार. आता कुठे त्याचं बस्तान बसतंय. छान आहे तो तिथे. त्याचा आवाज ऐकलास ना, कसा खणखणीत आहे?"

आवाज खरंच खणखणीत होता. दर आठवड्याला यायचा. "आपा, मी मजेत आहे, जेवण वेळेवर आहे, नवव्या मजल्यावर गिलावा चाललाय, इथून सगळं शहर दिसतं."

ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी म्हातारी बसकडे गेल्यावर बुरुलने मला आत बोलावलं, दार लावलं आणि माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला.

"काय ऐकू येतं?"

"ओमुरझाक बोलतोय. मजेत आहे."

"बोलण्याच्या मध्ये काय आहे?"

"मध्ये काही नाही."

"तेच म्हणतेय. काहीच नाही. नवव्या मजल्यावर वारा नाही, यंत्र नाही, माणूस नाही, श्वाससुद्धा नाही. हे कापलंय, एजे. कापायला शिकलाय, पण ठिगळ लावायचं त्याला ठाऊक नाही. आता शेवट ऐक."

शेवटी "आपा, काळजी घ्या" म्हणून झाल्यावर एक तुकडा राहून गेला होता. कुणी बाई रशियनमध्ये ओरडत होती, "पाचवी खाट, इंजेक्श..." आणि तिथे आवाज तुटला होता. बुरुलने तो तुकडा तीनदा लावला. मग मेपासूनचे त्याचे सगळे निरोप लावले. सगळे तसेच, भोकांनी भरलेले.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. इकडे ही मरायला टेकली होती, तिकडे तो खाटेवर होता, आणि दोघं दर बुधवारी एकमेकांना मजेत असल्याचं कळवत होते.

"आपण यात पडायचं नाही," मी म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू नानवर हात ठेवलायस. आणि असल्या गोष्टी सांगायची एक रीत असते. चार मोठी माणसं बसतील, विचार करतील..."

"चार मोठी माणसं कधी बसतात ते मला सांगू नका," बुरुल म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. ती कधीच चढवत नाही. "त्या दिवशी तुम्ही मला मूठभर कुरुत फुकट दिला होता. आयुष्यात तुम्ही कुणाला फुकट दिलाय का, एजे?"

तो दिवस कोणता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, म्हणून सांगते.

चौदा वर्षांपूर्वी बुरुलचा नवरा असिल रशियात इमारतीवरून पडून गेला. सकाळी गावात फोन आला. आमच्यात मरणाची बातमी कुणीही उठून सांगत नाही. मोठी माणसं जमतात, घरी जातात, हळूहळू कानावर घालतात, आणि तोपर्यंत सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. रीत चांगलीच आहे, माणूस एकटा असताना त्याच्यावर आभाळ कोसळू नये म्हणून आहे. पण त्या दिवशी मोठी माणसं जमेपर्यंत संध्याकाळ झाली. दुपारी बुरुलने रेडिओवर वाढदिवसाच्या शुभेच्छा वाचल्या. अख्ख्या गुलचाने तिचा हसरा आवाज ऐकला आणि अख्ख्या गुलचाला माहीत होतं. नंतर ती बाजारात आली, माझ्याशी भाव करत हसली, म्हणाली, असिलला पार्सल पाठवायचंय, त्याला तुमचाच कुरुत लागतो. मी पिशवी भरली. वर एक मूठ घातली आणि त्या मुठीचे पैसे घेतले नाहीत.

एवढ्या वर्षांत ती त्यावर एक शब्द बोलली नव्हती. मला वाटत होतं, विसरली असेल.

पुढच्या बुधवारी कुलीपा आपा आली, बोलली, खोकली, आणि बस यायला वेळ होता म्हणून माझ्याकडे चहाला बसली. मी काहीतरी निमित्त काढून बुरुलकडे गेले. ती एकेक झुडूप उपटत होती. भोकाला सकाळची शांतता लावायची, पुन्हा ऐकायची, पुढे जायची. शेवटून दुसरं झुडूप आलं तेव्हा तिचा हात थांबला. "थंडीच्या आधी नवे मोजे पाठवते" या वाक्यानंतरचा तो खोकला होता, फार मोठा नाही, पण आतून आलेला.

"बुरुल, नान," मी म्हटलं.

"मारू दे मला," ती म्हणाली. तो एक खोकला तिने तसाच ठेवला आणि निरोप पाठवून दिला.

म्हातारीचा दुसरा कप संपायच्या आत बुरुल माझ्या दारात उभी राहिली.

"कुलीपा आपा, ओमुरझाकचा निरोप आलाय."

"एवढ्यात? तो तर कामावर असेल." म्हातारी धडपडत उठली.

बुरुलने दार लावलं आणि निरोप सुरू केला. आधी बराच वेळ कुणी बोललंच नाही. चाकाची गाडी ढकलल्याचा आवाज गेला. कुणीतरी कण्हलं. भांडं पडलं. मग तो बोलला, आणि आवाज खणखणीत नव्हता.

"आपा, तो खोकला तुमचा ना? असा खोकला चार दिवसांत होत नाही. तुम्हीपण कापून पाठवत होता का, आपा?" मग श्वास, मोठमोठे. "मीपण कापतो. मी मेमध्ये पडलो. कमरेचं हाड मोडलं, दोनदा कापलं मला. आता कुबड्यांवर दारापर्यंत जातो. नवव्या मजल्यावर नाही मी, तळमजल्यावर आहे, खिडकीतून भिंत दिसते. तुम्हाला कळलं तर तुम्ही शेळ्या विकून इकडे याल म्हणून नाही सांगितलं. आपा, खरं सांगा, किती दिवस खोकताय?" पुढे तो रडला. ते त्याने कापलं नव्हतं.

म्हातारी आधी बुरुलकडे वळली. "नान होता तो," ती म्हणाली.

"होता, आपा."

"तुझं तोंड बघणार नाही मी परत."

"बरं, आपा."

"आता ते परत लाव. गाडीच्या चाकांपासून."

आम्ही तो निरोप चार वेळा ऐकला. म्हातारी डोळे मिटून ऐकत होती. तिसऱ्यांदा म्हणाली, "मोठी खोली आहे. दार डावीकडे असेल." चौथ्यांदा म्हणाली, "जेवतोय की नाही कोण जाणे." मग तिने रुमालाने तोंड पुसलं आणि माइक पुढे ओढला.

"गाढवा," तिने सुरुवात केली, "कमरेचं हाड मोडून घेतलंस आणि वर मला शहर दाखवतोस? बापावर गेलास. त्यालाही धड खोटं बोलता यायचं नाही." मग खोकला आला, लांबलचक. बुरुलचा हात सवयीने माउसकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. "एप्रिलपासून खोकतेय मी. ओशला जाते आता. तू सरळ चालायला लाग, मग ये. त्याच्या आधी आलास तर दारात घेणार नाही. आता तळवे उघड. खाटेवर असलास तरी उघड."

आमच्या रीतीप्रमाणे तिने स्वतःचे तळवे उघडले आणि त्याला आशीर्वाद दिला. वाट मोकळी राहो, पाय खंबीर राहोत, तुझी माती तुला परत बोलावो. दर दोन शब्दांमागे खोकला होता. आम्ही दोघींनीही तळवे उघडले होते. तिने तोंडावरून हात फिरवला, आम्हीही फिरवला.

बाहेर वारा सुटला होता. नमदे ठोकलेले असूनही दाराच्या फटीतून त्याची शिट्टी येत होती.

"आपा," बुरुलने हळूच विचारलं, "काय काय काढू?"

म्हातारी काठी टेकत उठली. "वारा तेवढा काढ," ती म्हणाली. "बाकी सगळं माझं आहे."

पुढचं थोडक्यात सांगते. सोमवारी बुरुल आणि मी तिला ओशला घेऊन गेलो. माझा धंद्याचा दिवस बुडाला. सात आठवडे ती तिथे होती, आणि बुरुलचं तोंड न बघण्याचं व्रत तिने तिसऱ्याच दिवशी सोडलं, कारण निरोप पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. ओमुरझाक डिसेंबरात आला, काठी घेऊन. मायलेक आता एकाच बसमधून उतरतात, तिच्या हातात काठी आणि त्याच्या हातात काठी, आणि पुढे कोण उतरणार यावर भांडतात.

पण त्या बुधवारचं एक सांगायचं राहिलं. म्हातारीची बस गेली, बुरुलने वारा काढला, निरोप पाठवला आणि तशीच बसून राहिली. मी माझ्या कंटेनरमध्ये गेले, पोत्यात हात घातला आणि मूठभर कुरुत आणून तिच्या टेबलावर ठेवला.

तिने कुरुताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. तिचा रंगच उडाला.

"आज कोण गेलं, एजे?"

"कुणी नाही गं," मी म्हटलं. "त्या दिवसाचं तुला सांगायचं राहिलं होतं."

तिने दार लावून घेतलं आणि दुसरी खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली.