नाव घेते, मत देते

मावळात मतदान सरकारनं आणलं असं जे सांगतात, ते आमच्या आतोबांना कधी भेटलेले नसावेत. सरकारनं फार तर पेट्या पाठवल्या. माणसं आणली ती आतोबांनी, आणि माणसांतही बायामाणसं, ज्या त्या काळी घराचा उंबरा ओलांडायच्या त्या माहेरी, बाजाराला, नाहीतर थेट सरणावर जायला.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. लोणावळ्याच्या स्टेशनात तीस वर्षं ते पार्सलबाबू होते. रेल्वेनं त्यांना पेन्शनीत काढलं, पण पार्सलं काही त्यांच्या डोक्यातून उतरली नाहीत. घरातल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी असे: छत्री, कंदील, पाणी तापवायचा बंब, अडकित्ता. वहाणांवरसुद्धा 'डावी' आणि 'उजवी' लिहिलेलं. मांजराच्या गळ्यात 'मांजर, लोणावळे, सापडल्यास परत पाठवावे' अशी चिठ्ठी होती आणि आम्ही सगळे त्यावरून हसायचो. मग एकदा ते मांजर मालगाडीत चढून खंडाळ्याला गेलं आणि संध्याकाळी गार्डाच्या डब्यातून सन्मानानं परत आलं. त्यानंतर आठवडाभर आतोबांशी बोलायची सोय नव्हती. जगात त्यांना एकाच शब्दाचा मनापासून राग होता, तो म्हणजे 'बेवारस'. गोदामाच्या कोपऱ्यात नाव नसलेल्या पार्सलांचा ढीग पडलेला असे, त्याला हा शब्द. "ज्याला नाव नाही त्याला ठिकाण नाही," असं ते म्हणत, आणि म्हणताना त्यांचा आवाज खरोखर जड होई.

अशा माणसाचं स्वतःचं नाव मात्र त्यांच्या घरात कुणी घेत नव्हतं. आत्या 'अहो' म्हणायची. लग्नात ती दहा वर्षांची होती. नाव घेण्यासाठी सगळा मांडव मागे लागला, गुळाचा खडा दाखवून झाला, आईनं चिमटा काढून झाला, पण हिनं ओठ मिटले ते मिटलेच. शेवटी भटजींनी मुहूर्ताची भीती घातली आणि ते प्रकरण तसंच पुढे ढकललं गेलं. आतोबा ही गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. "चाळीस वर्षं झाली, माझं तेवढं एक पार्सल अजून सुटलेलं नाही," असं म्हणून मोठ्यानं हसत. आत्या आतून ऐकायची आणि भांडं जरा जोरात ठेवायची. हसण्यावारी नेलं तरी त्यांना ते लागत होतं. लोणावळ्यातला हमालसुद्धा त्यांना नावानं हाक मारी, आणि ज्या एका तोंडून ते ऐकायचं होतं तिथं चाळीस वर्षं 'अहो'.

सदतीसच्या निवडणुकीआधी आमच्या भागात मत म्हणजे ओट्यावर बसून दहा माणसांनी पान खाता खाता उरकायची गोष्ट होती. ज्याचा शेतसारा मोठा त्याला मत, म्हणजे पाटील, चार बडे खातेदार आणि एखादा व्यापारी. त्या वर्षी चौकट रुंदावली. लहान खातेदार आत आले आणि मतदाराची बायको म्हणून बायकांनाही मत मिळालं. आतोबा शेजारच्या औंढे गावच्या चावडीवर लावलेली यादी बघायला गेले. तिथं एका ओळीत 'धोंडिबा' आणि खालच्या ओळीत 'त्याची बायको' असं लिहिलेलं. पुढे 'सखाराम', 'त्याची बायको'. आतोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि "बेवारस!" असे ओरडले. तलाठ्याच्या हातून दौत कलंडली.

त्या दिवसापासून आतोबा उन्हातान्हात छत्री घेऊन गावोगाव हिंडू लागले. दारात उभे राहून विचारायचे, "घरच्या बाईचं नाव काय?" आता आमच्याकडचे पुरुषही काही कमी नव्हेत. एकानं डोकं खाजवून सांगितलं, "नाव व्हय? आमी तर 'अगं' म्हंतो. थांबा, म्हातारीला इचारून येतो." नावं अशी एकेक करून जमली, तलाठ्याच्या मागे लागून यादीतही चढली. एका गावचे पाटील जरा कातावले. म्हणाले, "बाबू, बाया मताला गेल्या तर भाकऱ्या कुनी बडवायच्या? आन् त्या मत देनार तरी कुनाला, ते तर कळू द्या." आतोबा म्हणाले, "पाटील, आत काय आहे हे पार्सलबाबूनं विचारायचं नसतं. नाव नीट आहे ना आणि पोचतंय ना, एवढंच बघायचं." हा नियम त्यांनी जन्मभर पाळला. कुणाला मत द्या हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही, आम्हालाही नाही.

एक दिवस डोंगरावरच्या वाडीतला एक म्हातारा लाकडाची मोळी टेकवून त्यांच्यापुढे उभा राहिला. "आन् बाबू, आमची नावं कुटं हायती?" त्याच्याकडे जमीन नव्हती, सारा नव्हता, त्यामुळे यादीत नावही नव्हतं. त्या दिवशी आतोबा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक कोरी वही घेऊन डोंगर चढून गेले आणि त्या वाडीतल्या सगळ्यांची नावं, बायकांसकट, लिहून आले. वहीवर चिठ्ठी डकवली: 'पुढच्या गाडीने जाणारे'. ती वही आज माझ्याकडे आहे. आता म्हणे सगळ्यांनाच मत मिळणार आहे. मिळेल तेव्हा मी ती घेऊन वर जाणार आहे.

खरी अडचण वेगळीच होती आणि ती आतोबांना आधी एकदा दिसून चुकली होती. मागं म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीत घर नावावर असलेली एक बाई मत द्यायला आली. साहेबानं रीतीप्रमाणे विचारलं, नवऱ्याचं नाव काय? नवरा सूर्याजी. नाव तर घ्यायचं नाही, म्हणून बिचारीनं पदर सावरत वर सूर्याकडे बोट दाखवलं. साहेबानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "हो, बारा वाजले. नवऱ्याचं नाव सांगा." तिनं परत बोट दाखवलं, परत वेळ कळली, आणि बाई मत न देता घरी गेली. आतोबा तेव्हा रांगेत होते. आता शेकडो बायका येणार आणि प्रत्येकीला हाच प्रश्न येणार. साहेबाला तर ज्याच्या त्याच्या तोंडूनच उत्तर हवं असतं.

यावर त्यांनी काढलेला तोडगा ऐकून आत्यासुद्धा हसली. "सरळ नाव घेत नाहीत ना? पण लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला घेतात की. उखाण्यात घेतलेलं नाव, नाव घेतल्यासारखं नसतं." झालं. औंढ्याच्या देवळात उखाण्यांची शाळा भरली. साठीचा एक टोपीवाला गृहस्थ बायकांना उखाणे शिकवतो आहे, हे बघायला आसपासच्या गावांतून माणसं येत. आता नमुन्याला एक नाव हवं. कुणाच्या नवऱ्यावर बोट नको म्हणून आतोबांनी देवाचं नाव घेतलं, 'गणपतराव'. या ठिकाणी आपापलं नाव घालायचं असं ते दर वेळी बजावत. पण शिकवणारा शहाणा असला म्हणजे शिकणारा तेवढंच ऐकतो असं नाही.

मतदान औंढ्याच्या मराठी शाळेत होतं, त्या दिवशी शाळेसमोर बैलगाड्यांची जत्रा भरली. भुशीकडून बायका पायी आल्या, डोक्यावर भाकरीची बुट्टी आणि काखेत पोर. शाळेपासून काही अंतरावर दोरी बांधलेली होती आणि ज्याचं काम नाही त्यानं दोरीच्या बाहेर थांबायचं होतं. आतोबा आपलं मत देऊन आले आणि दोरीला चिकटून उभे राहिले. माझं वय बसत नव्हतं, म्हणून मीही त्यांच्या शेजारी. दारातून आवाज येत होते.

"खाचरात डोलतोय आंबेमोहर भात,
धोंडिबांचं नाव घेते, चिठ्ठीला पुढं करते हात."

पुण्याहून आलेला तरुण साहेब आधी गडबडला. मग चिडला. मग त्यानं पहिला उखाणा सगळाच्या सगळा कागदावर उतरवून घेतला, कारण त्यातलं नाव नेमकं कुठं आहे ते त्याला कळेना. दुपारपर्यंत तो इतका तयार झाला की एकीला म्हणाला, "बाई, यमक जुळलं नाही, पण नाव जुळतंय, जा." एका बाईनं तर रेल्वेच काढली.

"घाट चढाया गाडीला मागं लागतंय इंजान,
सखारामांचं नाव घेते, सायेब, ऐका देऊन ध्यान."

रांग हसत होती, पोरं टाळ्या पिटत होती. आणि मग ओळीनं तीन बायकांनी ठसक्यात गणपतरावांचं नाव घेतलं. साहेब हातातला टाक ठेवून म्हणाला, "हे गणपतराव कोण? आणि त्यांना बायका किती?" आतोबांनी दोरीबाहेर कपाळावर हात मारला. मागच्या बायकांनीच गिल्ला केला, "अगं, तुज्या मालकाचं घाल की! द्येवाचं काय घेतीस?" तिघींनी जीभ चावली, मालकांना जागेवर आणलं आणि मतं पडली. एकही बाई तशीच परत गेली नाही. संध्याकाळी साहेब बाहेर येऊन आतोबांना म्हणाला, इतक्या बायका मताला आलेल्या मी कुठं ऐकल्या नाहीत. आतोबा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

कारण दुपारी आत्या आत गेली होती. यादीत तिचं नाव होतं, आतोबांनी स्वतः तपासलेलं. ती आत गेली आणि आतोबांनी दोरीवर छाती टेकली. कानामागं हात धरला. शाळेत बायकांचा एवढा मोठा हशा उसळला की पिंपळावरचे कावळे उडाले. आत्या बाहेर आली ती जमिनीकडे बघत, कानांपर्यंत लाल होऊन.

"काय घेतलंस?" आतोबांनी विचारलं.

"मत गुप्त असतं," आत्या म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत."

"मत गुप्त असतं, उखाणा नाही!"

"आत काय आहे ते पार्सलबाबूनं विचारायचं नसतं," असं म्हणून ती टांग्यात जाऊन बसली.

पुढची नऊ वर्षं आतोबांनी तो उखाणा शोधण्यात घालवली. औंढ्याच्या बायका दिसल्या की विचारायचे. त्या पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "लय दीस झालं बाबू, आमाला न्हाई आठवत," आणि पुढं जाऊन फिदीफिदी हसायच्या. आत्यानं सगळ्यांकडून शपथ घेतली असणार. मला त्यांनी हेरगिरीवर लावलं, चिक्कीचं आमिष दाखवलं. आत्यानं मला चिक्की दिली आणि काहीच सांगितलं नाही. आतोबा मला एकदा म्हणाले, "घेतलं हे नक्की. मला ऐकू आलं नाही एवढंच. पोचपावती नाही, पण माल पोचलाय." पण त्यांचे डोळे हसत नव्हते.

शेहेचाळीसच्या निवडणुकीची यादी त्यांनी स्वतः तपासली, आत्याच्या नावाची वेलांटीसुद्धा दुरुस्त करून घेतली, आणि मतदानाला चार महिने राहिले असताना साध्या तापाचं निमित्त होऊन गेले. आत्या घराबाहेर पडत नव्हती. शेजारपाजारच्यांचं म्हणणं होतं, वर्षाच्या आत कशाला जायचं? मतदानाच्या सकाळी ती पांढरं लुगडं नेसून ओसरीवर येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "टांगा बोलाव. त्यांनी वेलांटी दुरुस्त केली आहे."

या वेळी मीही मतदार होते, तिच्या मागोमाग आत गेले. रांगेत औंढ्याच्या त्याच बायका होत्या. तिला बघून त्यांनी वाट दिली. नवा साहेब होता. त्यानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" उखाणा आता तिला घेता येत नव्हता. मग तिनं नाव सांगितलं. नाव, वडलांचं नाव, आडनाव, चिठ्ठीवर लिहितात तसं अगदी पूर्ण. तिच्या लग्नाला पन्नासएक वर्षं झाली होती, आणि ते तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. इथं ते लिहीत नाही. ते तिचं आहे.

साहेबानं यादीवर बोट फिरवलं आणि वरच्या ओळीवर थांबला. "यांची खूण राहिली आहे. यायचे आहेत का अजून?"

"नाही," आत्या म्हणाली. "पहिल्यांदाच चुकवलंय त्यांनी."

बाहेर आल्यावर ती टांग्याकडे गेली नाही. दोरी त्याच पिंपळाला बांधलेली होती. आत्या तिथं जाऊन उभी राहिली, दोरीवर हात ठेवला आणि अगदी हळू, पण स्पष्ट म्हणाली:

"चाळीस वर्षं जिभेला मारून ठेवली गाठ,
त्यांचंच नाव घेते, दोरीपाशी बघतात वाट."

आतोबांनी नऊ वर्षं शोधला तो उखाणा हाच; 'त्यांचंच' या जागी सदतीस साली तिनं नाव घेतलं होतं. मी तिचा हात धरला. दोरीच्या पलीकडे कुणी नव्हतं. एक बैल तेवढा कडबा खात उभा होता. आम्ही टांग्यात बसलो आणि घरी आलो.