पहिल्या दहा मिनिटांचा तज्ज्ञ

आमच्या घरी फरशी पुसायला जे कापड आहे त्यावर एका डेटाबेस परिषदेचं बोधचिन्ह आहे. मूळचा तो टी-शर्ट. बायको म्हणते, कापड चांगलं आहे, पाणी छान शोषतं. इतकी वर्षं मी अशा परिषदांमधून जे काही घरी आणलं त्यातलं उपयोगी पडलेलं एवढंच, असं तिचं मत आहे, आणि त्यावर मी वाद घालत नाही.

मी डेटाबेस डेव्हलपर आहे. कंपन्यांची माहिती ज्या टेबलांमध्ये साठवलेली असते ती टेबलं बांधायची, आणि कुणी काही विचारलं की त्यातून उत्तर लवकर बाहेर पडेल असं बघायचं, हे आमचं काम. या कामात माणसाला सतत शिकत राहावं लागतं असं सगळे सांगतात, आणि शिकायची सोयही उदंड आहे. फुकटचे अभ्यासक्रम, विकतचे अभ्यासक्रम, वेबिनार, रेकॉर्डिंग, प्रमाणपत्रं, रविवारचे मेळावे. यातलं मी काही म्हणता काही सोडलं नाही. सगळीकडे नाव नोंदवलं. पूर्ण मात्र एकही केलं नाही.

माझी मजल साधारण पहिल्या दहा मिनिटांपर्यंत जाते. त्या दहा मिनिटांत शिकवणारा आपली ओळख करून देतो, डेटाबेस म्हणजे काय ते एखादा दाखला देऊन सांगतो आणि पुढे आपण काय काय बघणार आहोत याची यादी वाचतो. ती यादी ऐकूनच मला ते सगळं आल्यासारखं वाटायला लागतं आणि मी उठतो. त्यामुळे डेटाबेस म्हणजे काय, हे मी वाण्याच्या दुकानापासून बँकेच्या लॉकरपर्यंत हव्या त्या दाखल्याने समजावू शकतो. त्यापुढे काय होतं ते मला ऐकूनच माहीत. मग नोकरी कशी चालते, असं कुणी विचारेल. तर ऑफिसातलं सगळं काम मी लागण्याआधीच कुणीतरी नीट करून ठेवलेलं आहे आणि मी त्याला हात लावत नाही. आमच्याकडे याला अनुभव म्हणतात.

वेबिनारचं तर मी शास्त्रच बसवलं होतं. फोन शर्टाच्या खिशात, एक इयरफोन कानात, आणि रविवारी सकाळी मासळी बाजारात हजर. एकीकडे कुणीतरी व्यवहार अर्धवट तुटला तर काय करावं ते सांगतंय आणि समोर मी सुरमईची तुकडी उलटीपालटी करून बघतोय. मासळीवाली एकदा म्हणाली, "दादा, तुमी ऐकता कुनाचं आनि मान डोलवता कुनाला? घ्यायची हाय का नाय?" हजेरीचं प्रमाणपत्र दुपारी ईमेलवर आलं. सुरमई बरी निघाली.

तर अशा माणसाकडे आमच्या वहिनी सल्ला घ्यायला आल्या.

वहिनी म्हणजे विचुंब्याच्या आमच्या इमारतीत समोरच्या दारात राहणाऱ्या बाई. त्यांचे यजमान माझे मित्र, म्हणून त्या मला भावजी म्हणतात. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं त्या माझ्यासारख्याच डेटाबेसचं काम करत. दुसरं मूल झालं तेव्हा सुटलं ते सुटलंच. आता मूल शाळेत जायला लागलं होतं, सासूबाई दुपारी सांभाळायला तयार होत्या, आणि द्रोणागिरीच्या एका गोदाम कंपनीत जागा निघाली होती. इतक्या जवळ असलं काम पुन्हा निघेल याची खात्री नव्हती. मधल्या खंडामुळे बाकीच्या कंपन्या तर अर्ज उघडूनही बघत नव्हत्या. ही नोकरी मिळाली तर मिळाली, नाहीतर बहुतेक कायमचं घरी, असा सरळ हिशोब होता आणि त्यांनी तो मला सांगितलाही.

आमच्या कपाटाच्या मुठीला परिषदांमधल्या ओळखपत्रांच्या पट्ट्या लोंबकळतात. त्या बघून त्यांचा माझ्यावर विश्वास बसला असावा. मी त्याच दिवशी त्यांना माझ्याजवळ साठवलेले यच्चयावत दुवे पाठवून दिले. वहिनी व्यवहारी. त्यातला एकच अभ्यासक्रम त्यांनी निवडला आणि मुलाच्या झोपेच्या वेळात तो शेवटपर्यंत केला, मग पुन्हा पहिल्यापासून केला. मधून मधून शंका विचारायला येत. मी म्हणायचो, "चांगला प्रश्न आहे, तो पुढे येतो." तो पुढे येतच असणार.

मुलाखत सोमवारी होती. आदल्या दिवशी, रविवारी, जुन्या पनवेलमध्ये एका क्लासेसच्या हॉलमध्ये आमच्या डेटाबेसवाल्यांचा महिन्याचा मेळावा होता. मी वहिनींना म्हटलं, चला, चार लोक भेटतील, ओळखी होतात. त्यांना खरं तर घरी बसून उजळणी करायची होती. मीच आग्रह केला.

आणि ओळख झालीही. गोदाम कंपनीचे मालकच तिथे आले होते. मूळचे जासईकडचे, घरची पूर्वी मिठागरं होती, आता कंटेनर आणि गोदामं. सगळे त्यांना शेठ म्हणत. सॉफ्टवेअरमधलं आपल्याला कळत नाही हे ते स्वतःच सांगत, पण कामाला ठेवायचा माणूस आधी चार लोकांत बघून घ्यायचा ही त्यांची जुनी सवय. मी वहिनींची ओळख करून दिली, उद्या तुमच्याकडेच येणार आहेत म्हणून सांगितलं, आणि वर कुणी विचारलं नसताना जोडलं, "माझीच विद्यार्थिनी." वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

इतक्यात निरोप आला की पुण्याहून येणारा वक्ता घाटात अडकलाय. संयोजक घाबरा झाला. हॉलभर पोरं बसलेली, चहा-वड्याला अजून अवकाश. त्याने इकडे तिकडे बघितलं आणि प्रत्येक मेळाव्याला पहिल्या रांगेत बसणारा, गळ्यात पट्टी घातलेला मी त्याला दिसलो. मी नाही म्हणू शकलो असतो. पण दहा मिनिटं बोलायची हौस मला होतीच, आणि पुढच्या पाऊण तासाचा विचार करायची सवय नव्हती.

पहिली दहा मिनिटं, स्वतःच्या तोंडाने सांगतो, अप्रतिम झाली. वाण्याचं दुकान, लॉकर, ग्रंथालय, सगळं काढलं. पोरं हसली. शेठ तर पुढे सरकून बसले. मग मी इंडेक्सवर आलो. पुस्तकाच्या मागे सूची असते तशी टेबलाला सूची लावली की हवी ती ओळ पटकन सापडते, इतकं मला माहीत होतं. म्हटलं, प्रत्यक्षच दाखवतो. कधीतरी उतरवून घेतलेलं सरावाचं टेबल उघडलं. आधी सूचीशिवाय एक ग्राहक शोधला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सापडला. मग सूची लावली, पुन्हा शोधला. तितकाच वेळ. पुन्हा केलं, तर किंचित जास्तच लागला. मागच्या पोरांनी फोन बाहेर काढले.

शेठ शांतपणे म्हणाले, "सर, आधी लागला तेवढाच टाइम आता बी लागला. मग ते लावून फायदा काय झाला?"

आता खरं सांगून मोकळं व्हायचं की नाही? पण माझ्या तोंडून निघालं, "हे आपण माझ्या विद्यार्थिनीकडूनच ऐकू या." आणि मी हात करून वहिनींना उभं केलं. ज्यांच्यासमोर त्यांना उद्या मुलाखत द्यायची होती त्यांच्यासमोर, आज, माझी मान सोडवायला. हे मला त्या क्षणी सुचलं नाही असं नाही. फक्त मान माझी होती.

वहिनी उठल्या. पदर सारखा करतात तशी त्यांनी ओढणी सारखी केली आणि म्हणाल्या, "सरांनी मुद्दाम छोटं टेबल घेतलंय. दोन पानांच्या वहीला मागे सूची लावली तरी ती कोण उघडून बघणार? दोन्ही पानं वाचून काढणं सोपं. डेटाबेसही तेच करतो, सूचीकडे बघतच नाही. आपण सगळे अशा छोट्या टेबलांवर शिकतो आणि कामावर गेल्यावर फसतो, ते सरांना दाखवायचं होतं." मग त्या पुढे आल्या, त्याच टेबलात त्याच ओळी नवे ग्राहक क्रमांक देऊन पुन्हा पुन्हा ओतून ते कित्येक पटींनी फुगवलं, आणि दोन्ही वेळा शोधून दाखवलं. सूची काढून शोधताना पडदा बराच वेळ नुसता विचार करत बसला. सूची लावल्यावर उत्तर लगेच.

टाळ्या पडल्या. वहिनींपेक्षा मलाच जास्त पडल्या, कारण सगळ्यांना वाटलं हा काय कसलेला मास्तर आहे, आधी फसवतो, मग शिकवतो. मी नम्रपणे मान लववली. भावजीचा सर झालो ते मला इतकं आवडलं होतं की पुढचं काही दिसत नव्हतं.

ते चहाच्या वेळी दिसलं. शेठ वडा घेऊन माझ्याकडेच आले आणि म्हणाले, असं शिकवणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. त्यांच्याकडे सॉफ्टवेअरची पोरं आधीपासून आहेत, नवीन माणूस घ्यायचं चाललं होतं ते त्या पोरांना येत नाही म्हणून. मग मी शनिवारी येऊन त्यांनाच का शिकवू नये? नवीन जागेची गरजच नाही. आणि वहिनींकडे वळून, अगदी मायेने: "ताई, तुमी उद्या उगाच धावपळ करू नका."

वहिनींच्या हातातला चहाचा कप जिथल्या तिथे राहिला. मला वाचवायला त्या बोलल्या होत्या आणि त्या बोलण्यानेच त्यांची जागा गेली होती.

मी शेठना बाजूला घेतलं आणि सांगितलं की मला यातलं काही येत नाही. शेठ हसले. म्हणाले, मोठी माणसं असंच बोलतात. मी म्हटलं, खरंच नाही येत, काहीही विचारून बघा. त्यांनी विचारलं की त्यांच्या यार्डात एखादा कंटेनर शोधायचा म्हटलं की सकाळी पटकन सापडतो आणि दुपारी कंप्युटर बसूनच राहतो, ते का. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि समजूतदारपणे सांगितलं की बरोबर आहे, फुकट कशाला सांगायचं, शनिवारी बघू. आयुष्यात पहिल्यांदा मी या विषयावर सलग खरं बोलत होतो आणि जितकं बोलत होतो तितका मोठा होत होतो.

मी रडकुंडीला येऊन वहिनींकडे बघितलं. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"शेठ, हे माझे सर नाहीत," त्या म्हणाल्या. "हे शेजारचे भावजी आहेत. टेबल त्यांनी मुद्दाम छोटं घेतलं नव्हतं. चुकून घेतलं. त्यांची फजिती होऊ नये म्हणून मी तसं सांगितलं. मला यांनी काही शिकवलेलं नाही, मी शिकले ते माझी मी. आणि मला उद्या मुलाखतीला यायचंय."

शेठनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हनतात ताई?"

"बरोबर म्हणतात," मी म्हटलं.

"मगाशी उभं राहून खोटं बोलल्या त्या?"

"माझ्यासाठी."

शेठनी उरलेला वडा खाल्ला. घाईने नाही. मग म्हणाले, "यार्डात कंटेनर शोधताना दुपारचा कंप्युटर का बसतो त्याचा विचार करून या ताई उद्या. आनि यांना आनू नका."

परतताना रिक्षात वहिनी एकदाच बोलल्या. मी क्षमा मागायला तोंड उघडलं होतं, तर त्या म्हणाल्या, भावजी, आता जरा गप्प बसा, मी दुपारचा विचार करतेय. त्या मोठ्याने नाही, मनातल्या मनात काहीतरी मांडत होत्या आणि बोटांनी गुडघ्यावर रेघा ओढत होत्या. मी विचुंबे येईपर्यंत बाहेर बघत बसलो. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्यांनी तुम्हाला उभं राहून वाचवलं ही त्यांची पहिली चूक. दुसरी कुठली, ते मी विचारलं नाही.

वहिनी सोमवारी एकट्या गेल्या. दुपारच्या वेळी यार्डाची सगळी गेटं आत-बाहेर जाणाऱ्या कंटेनरच्या नोंदी एकाच टेबलात लिहायला धावतात आणि शोधणारा रांगेत उभा राहतो, असं काहीसं त्यांनी तिथे मांडलं म्हणे. मला ते अजून नीट कळलेलं नाही. तो भाग पुढे येतो. नोकरी मिळाली. आता सकाळी त्या बसने द्रोणागिरीला जातात आणि सासूबाई दुपारी मुलाला घेऊन खाली बाकावर बसतात. मेळाव्यात संयोजकाने माझ्याकडे खुर्च्या आणि चहाचं काम दिलंय, ते मी बरं करतो.

मुलाखतीत शेठनी सगळ्यात शेवटी माझ्याबद्दल विचारलं होतं, एवढं वहिनींनी मला जिन्यात सांगितलं. कालचे ते तुमचे भावजी, त्यांना आमच्याकडं कशावर तरी ठेवावं का, असं. वहिनींनी काय उत्तर दिलं ते त्यांनी सांगितलं नाही. मला अजून तिथून फोन आलेला नाही, त्यावरून त्या या वेळी खरं तेच बोलल्या असाव्यात.