पाच वर्षांच्या अलीकडची सात मुलं

शिडे,

तू गेलीस त्याला महिना झाला. आपल्या ऑफिसातल्या नव्या पोरींनी माझ्याकडे तुझ्यावर ‘दोन शब्द’ मागितलेत. त्यांना हसतमुख, समर्पित वगैरे हवं असणार. तू हसतमुख अजिबात नव्हतीस. सकाळचा चहा पोटात जाईपर्यंत तुझ्याशी बोलायची कुणाची छाती नसे. म्हणून तुझ्याबद्दल लिहिण्यापेक्षा तुलाच लिहिते. थापा मारल्या तर तू मध्येच तोडशील, एवढी धास्ती तरी राहील.

आरोग्य पाहणीच्या टीममध्ये तू आलीस तेव्हा तीस वर्षांची होतीस. नवऱ्याला सोडून आलेली, आजारी आईसोबत एका खोलीत राहणारी. इतकी उंच, की कुठल्याही दारातून वाकूनच आत शिरायचीस, म्हणून सगळ्यांनी तुला शिडी करून टाकलं. मी तुमची सुपरवायझर. काम असं, की घरोघर जायचं आणि बायकांना विचारायचं, मुलं किती झाली, किती आहेत, किती गेली. लोक तुला खुर्ची द्यायचे आणि तू जमिनीवर फतकल मारायचीस. ‘उंटावरून शेळ्या कशाला हाकायच्या?’ म्हणायचीस. अक्षर इतकं सुरेख, की तुझ्या फॉर्मवर कुणाला शंकाच येत नसे. तेच नडलं.

ऑफिसात आकडे तपासणारा एक चष्मेवाला होता. एका दुपारी त्याने मला बोलावलं.

“बाई, तुमची शिडी जिथे जाते तिथे अमृत वाटते की काय? हिच्या वस्त्यांत पाच वर्षांत जन्मलेलं एकही मूल गेलेलं नाही. आणि त्याच्या आदल्या एकाच वर्षातली सात गेलीत! मरण काय कॅलेंडर बघून येतं?”

मला लगेच कळलं. नियम असा होता, की गेलेलं मूल गेल्या पाच वर्षांतलं असेल तर त्याच्या आईला आणखी बावीस प्रश्न विचारायचे. त्याआधीचं असेल तर एक ओळ लिहायची आणि पुढे चालायचं. कामचुकार माणसं मग मुलाचा जन्मच वर्षभर मागे ढकलतात. बावीस प्रश्न वाचतात, जेवायला वेळेवर जाता येतं. असे कितीतरी महाभाग मी घरी पाठवले होते. पण तू?

तुला खोलीत घेतलं, दार लावलं.

“किती फॉर्म?”

“सात.”

“सातच का?”

“तेवढीच गेली होती.”

पाच वर्षांच्या आतल्या जिवंत मुलांचेही भरपूर प्रश्न असायचे; म्हणजे त्यांतल्या एकाचंही साल तू हलवलं नव्हतंस.

“कंटाळा आला होता?”

“बाई, तो अठरावा प्रश्न तुम्ही कधी कुणाच्या तोंडावर विचारलाय?”

अठरावा प्रश्न: आजारी पडल्यापासून मुलाला दवाखान्यात न्यायला किती दिवस लागले?

“सरावाच्या वेळी एकीला विचारला,” तू म्हणालीस. “भाजी निवडत होती. बोटांवर दिवस मोजायला लागली आणि मध्येच थांबली. तो प्रश्न नाही बाई, आरोप आहे. आणि तो वाचून दाखवणारी मी.”

“म्हणून सात पोरं पुसून टाकलीस?”

“पुसली नाहीत. मागे सरकवली.”

“अगं, दवाखाना कुठे उघडायचा ते हे आकडे बघून ठरतं. तुझ्या वस्त्यांत मुलं मरतच नाहीत म्हटल्यावर तिथे कोण झक मारायला उघडेल? ही तुझी दया त्या बायकांच्याच मुळावर आली.”

तू रडली नाहीस. नोकरी गेली तर आईच्या औषधपाण्याचं काय, हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं. तू एवढंच म्हणालीस, “काढून टाका मला.”

“ते नंतर बघू. आधी सातही घरं पुन्हा. मी सोबत येते. उद्या सकाळी साडेसात.”

पहिल्या पाच घरांत तू प्रश्न वाचलेस, बायकांनी उत्तरं दिली. दोघी रडल्या. एकीने आपल्याला हाकलून लावलं, आणि आपण वळणावर पोचेपर्यंत हाक मारून परत बोलावलं. सहावं घर कपडे शिवणाऱ्या बाईचं. जिन्याखालची खोली, मशीनभोवती चिंध्यांचा ढीग. तिने शिवण थांबवली नाही. तू खाली बसून जुना फॉर्म उघडलास.

“ताई, मागच्या वेळी माझ्याकडून एक चूक झाली.”

“ठाऊक आहे. मला आकडे वाचता येतात. तुम्ही लिहीत होतात तेव्हा बघत होते की. त्या साली माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, बाई! सासूने बघितलं असतं तर माझी वरातच काढली असती.”

मला हसू फुटलं, तिलाही. तू मात्र कानापर्यंत लाल.

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?”

“म्हटलं, सरकारी कागदात गेलेल्या पोरांना असंच कुठेतरी मागे लिहीत असतील.”

माझं हसू जिथल्या तिथे विरलं. तिने मशीन थांबवलं आणि तुझ्या शेजारी येऊन बसली. “खोडा ते. नीट लिहा.” तू लिहीपर्यंत तिने सालाच्या चौकोनाशेजारी ठेवलेलं बोट हलवलं नाही.

अठरावा प्रश्न आला. तू शब्दाला शब्द वाचलास. आवाज हलला, पण शब्द एकही बदलला नाहीस. नंतर गप्प बसलीस.

“तीन दिवस,” ती म्हणाली. “दोन दिवस गाडी मिळाली नाही. एक दिवस मीच म्हटलं, उतरेल ताप. तेही लिहा.”

तेवढ्यासाठी फॉर्ममध्ये जागा नव्हती. तू समासात लिहिलंस.

मी तुला वाचवलं असं लोक म्हणतात. काही वाचवलं नाही. सातवं घरही झाल्यावर अहवालात जसं घडलं तसं लिहिलं. चष्मेवाला म्हणाला, लबाडी ती लबाडी. मी म्हटलं, लबाडी खरीच, पण जिच्या तोंडावर केली तिच्यासमोर बसून ती दुरुस्त करणारं माणूस तुमच्याकडे दुसरं दाखवा. नोकरी राहिली, पण तुझ्याकडून प्रश्न काढून घेतले. दीड वर्ष तू वजनकाटा वाहिलास. रोज सकाळी तो ठरलेल्या वजनावर तपासायचा, मग रडक्या पोरांना एकेक करून उभं करायचं. हूं की चूं केलं नाहीस.

पुढे नव्या मुलींना शिकवायला लागलीस, आणि पहिल्याच दिवशी पहिली गोष्ट त्या सात घरांची. एकदा मी वैतागून म्हटलं, “पुरे गं, किती लाज उगाळशील!”

“लाज कसली बाई? तो प्रश्न कसा विचारायचा ते शिकवते. खाली बसायचं, वाचायचं, आणि मग तोंड मिटायचं. तोंड मिटायचं कुठल्या फॉर्मवर छापलेलं नसतं.”

एक गोष्ट मात्र तू त्या पोरींना कधी सांगितली नाहीस, मीही नाही. आपण निघताना त्या शिवणकाम करणाऱ्या बाईने विचारलं होतं, तुमच्या पाहणीचं पुस्तक छापून आलं की माझा पोरगा कुठे आहे ते दाखवाल? तू म्हणालीस, नावं नसतात हो त्यात, नुसते आकडे. ती म्हणाली, आकडा तर आकडा, कुठल्या ओळीत आहे तेवढं दाखवा. आपण दोघी हो म्हणालो. पुस्तक दोन वर्षांनी आलं आणि तू त्या ओळीवर पेन्सिलीने खूण केलीस. मग तुझी आई अंथरुणाला खिळली. मग माझा गुडघा. मग दर भेटीत ‘एकदा जाऊन येऊ या’. एकदा तर बसस्टॉपपर्यंत गेलो, आणि तुझ्या लक्षात आलं की पुस्तक माझ्या टेबलावरच राहिलंय. “पुढच्या रविवारी नक्की,” तू म्हणालीस. मीही बरं म्हटलं. पुस्तक अजून माझ्याच टेबलावर आहे, तुझ्या पेन्सिलीच्या खुणेसकट.